जिवंत उंदीर, गोठवलेला उंदीर आणि ८१ ग्रॅमचा बॉल पायथन

"साप जेवत नव्हता म्हणून उंदीर सोडला, डॉक्टर. सकाळी बघतो तर उंदरानेच सापाला खाल्लंय."

विशीतल्या मुलाच्या हातात प्लास्टिकचा डबा होता आणि मागे त्याची ताई उभी होती. डब्यात टिश्यू पेपरवर घट्ट गोळा होऊन बसलेलं बॉल पायथनचं, म्हणजे एका छोट्या आफ्रिकी अजगराचं, पिल्लू. नर, वय साधारण साडेतीन महिने, घरातलं नाव टिल्लू. विकत घेतलं त्या दिवशी ब्रीडरने, म्हणजे सापांची पैदास करून विकणाऱ्याने, कार्डावर वजन ९४ ग्रॅम लिहून दिलं होतं. माझ्या काट्यावर ते ८१ भरलं, म्हणजे मूळ वजनाच्या जवळपास १४ टक्के गेले होते.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की सापाच्या पिल्लाला उंदीर जिवंत द्यावा की गोठवलेला (फ्रोझन), या वादात ज्या चुका वारंवार होतात त्या इथे एकाच पेटीत एकत्र आल्या होत्या. पिल्लू फ्रोझन घेत नाही म्हटल्यावर दोष फ्रोझनवर जातो, आणि उपाय म्हणून जिवंत उंदीर येतो. मधल्या दहा गोष्टी कोणी तपासत नाही.

आधी काय घडलं

ब्रीडरकडे टिल्लू बुटाच्या खोक्याएवढ्या अपारदर्शक ट्रेमध्ये होता. दर आठवड्याला एक जिवंत हॉपर मिळायचा, म्हणजे नुकतीच अंगावर लव आलेलं आणि उड्या मारायला लागलेलं उंदराचं पिल्लू. तो बिनतक्रार खायचा. कार्डावर प्रत्येक जेवणाची तारीख होती, ही त्या ब्रीडरची फार चांगली सवय.

नव्या घरी त्याला ९० सेंटिमीटर लांबीची काचेची टाकी मिळाली. चारही बाजूंची काच न झाकलेली, वर जाळी, जाळीवर उष्णतेचा दिवा, आत एक मोठं लाकडी घर आणि पाण्याचं भांडं. पहिल्याच दिवसापासून मुलगा त्याला रोज संध्याकाळी हातात घेत होता. चौथ्या दिवशी पहिलं जेवण दिलं. ताईला जिवंत उंदीर बघवत नाही, म्हणून घरात फ्रोझन आणायचं ठरलं होतं. फ्रीझरमधून काढलेला उंदीर टेबलावर दोन-तीन तास ठेवायचा, मग चिमट्याने सापासमोर धरायचा, अशी पद्धत. टिल्लू तोंड फिरवायचा, कधी गोळा व्हायचा. उंदीर टाकीत रात्रभर ठेवला तरी सकाळी तसाच. असे पाच आठवडे गेले.

मग कोणीतरी सल्ला दिला की याला जिवंतच लागतं, जंगलात काय फ्रीझर असतो का. मुलाने पूर्ण वाढ झालेली उंदरीण आणली, रात्री दहाला टाकीत सोडली आणि झोपला. साप लाजतो, माणूस समोर असला की खात नाही, हेही त्याला सांगितलं गेलं होतं.

सकाळी उंदरीण लाकडी घरात, टिल्लूच्या लपायच्या जागेत, भुसा गोळा करून बसली होती. टिल्लू टाकीच्या थंड कोपऱ्यात काचेला चिकटून होता.

तपासणीत काय दिसलं

डोक्यापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, पाठीच्या कण्याच्या डावीकडे सव्वा सेंटिमीटरची जखम. खवले आणि कातडी पूर्ण गेलेली, तळाशी स्नायू उघडा. कडा छोट्या छोट्या चंद्रकोरींसारख्या कातरलेल्या. दातांची ही नक्षी एकदा पाहिली की विसरत नाही. शेपटीचं टोक कुरतडलेलं. डोळ्यांवरची पारदर्शक खवली शाबूत होती, हे नशीब. कणा हाताला सरळ लागला आणि शेपटीला चिमटा काढल्यावर त्याने ती ओढून घेतली, म्हणजे मज्जारज्जूपर्यंत काही गेलं नव्हतं.

तोंड उघडून पाहिलं. हिरड्या फिकट गुलाबी, लाळ थोडी चिकट, पू नाही. श्वासाला आवाज नव्हता, खवल्यांखाली माइट, म्हणजे बारीक परजीवी किडे, नव्हते. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली की घडी काही क्षण तशीच राहत होती, म्हणजे शरीरात पाणी कमी. मागाहून विष्ठेच्या तपासणीत परजीवी आढळले नाहीत. थोडक्यात, जेवण सोडण्याएवढा कोणताही आजार या सापाला नव्हता.

उंदीर एवढ्या मोठ्या जखमा का करतो, असं ताईने विचारलं. प्रश्न योग्य होता. बंद पेटीत अडकलेल्या उंदराला पळायला बीळ नाही, खायला दाणा नाही, प्यायला पाण्याचं भांडं अनोळखी. समोर शत्रूचा वास आहे आणि तो शत्रू हालचाल करत नाही. रात्र हा उंदराचा जागा असण्याचा वेळ. तो आधी भीतीने चावतो, आणि साप प्रतिकार करत नाही असं कळलं की भुकेने कुरतडतो. घाबरलेला, गारठलेला किंवा भूक नसलेला बॉल पायथन गोळा होतो आणि डोकं आत घेतो. पाठ मात्र उघडी राहते. रात्रभर सोडलेल्या उंदराने कणा दिसेपर्यंत खाल्लेले साप पशुवैद्यांकडे येतात. त्या मानाने टिल्लू थोडक्यात सुटला.

एक भेद इथेच सांगायला हवा, कारण सरसकट बोलण्यात तो हरवतो. पिंकी, म्हणजे केस न आलेलं नवजात पिल्लू, सापाला इजा करू शकत नाही. त्याला दातच नसतात. साधारण दहा-अकरा दिवसांचं झाल्यावर पुढचे दात बाहेर येतात, दोन आठवड्यांच्या सुमारास डोळे उघडतात, आणि तिथून पुढे प्रत्येक दिवसागणिक धोका वाढतो. पूर्ण वाढलेली उंदरीण आणि ८१ ग्रॅमचा साप ही जोडी तर आकाराच्या हिशेबातही चुकीची होती. तिचं वजन सापाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढं असणार. या वयाच्या पिल्लाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भक्ष्य पुरतं, आणि जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी.

टाकीची तपासणी

मी मुलाला घरून टाकीचे फोटो मागवायला लावले आणि तारेच्या टोकाला प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर देऊन घरी आकडे घ्यायला सांगितले. काचेला चिकटवलेला गोल थर्मामीटर ३० अंश दाखवत होता आणि त्यावर घरात सगळ्यांचा विश्वास होता. तो काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो. साप राहतो जमिनीवर.

आकडे आले ते असे. दिव्याखालची जमीन ३८ अंश. लाकडी घराच्या आतली जमीन २४. रात्री दिवा बंद केल्यावर सगळीकडे २२. आर्द्रता ३५ टक्के. तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट नव्हता.

म्हणजे या पिल्लाला ऊब हवी असेल तर उघड्यावर दिव्याखाली जावं लागत होतं आणि सुरक्षित वाटायचं असेल तर थंडीत बसावं लागत होतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा प्राणी दिवस बिळांमध्ये आणि वाळवीच्या वारुळांमध्ये काढतो. अंगाला चारही बाजूंनी काहीतरी टेकलेलं असणं ही त्याची गरज आहे. असा प्राणी लपणं सोडून ऊब घ्यायला येत नाही, तो गारठून बसतो. गारठलेला साप जेवत नाही, आणि जेवला तरी पचवू शकत नाही. पोटात सडायला लागलेलं भक्ष्य तो उलटून टाकतो, आणि ८१ ग्रॅमच्या पिल्लाला एक उलटी फार महाग पडते.

मुलगा म्हणाला, "पण डॉक्टर, ब्रीडरकडे तर नीट खात होता. फरक फक्त फ्रोझनचा झाला ना?"

मी त्याला कार्ड उलटं धरून दोन रकाने लिहायला लावले, तिथे काय होतं आणि इथे काय आहे. तिथे अंधारा छोटा ट्रे, इथे उघडी काच. तिथे तळातून ऊब, इथे वरून दिवा. तिथे आठवड्यातून एकदा साफसफाईपुरता हात, इथे रोज. तिथे उबदार, हलणारं, वासाचं भक्ष्य, इथे टेबलावरचं थंड, ओलसर भक्ष्य. सगळ्याच गोष्टी एका दिवसात बदलल्या होत्या. त्यातून एकट्या फ्रोझनला गुन्हेगार ठरवायला काहीच आधार नव्हता.

उपचार

जखम सलाइनने धुतली, पातळ केलेल्या पोविडोन आयोडीनने साफ केली, मेलेले तुकडे काढले. टाके घातले नाहीत. चाव्याची जखम घाण असते आणि ती आतून भरत येऊ द्यावी लागते. सेफ्टाझिडिम या प्रतिजैविकाची इंजेक्शनं सुरू केली. सापांमध्ये हे औषध इतकं सावकाश उतरतं की तीन दिवसांतून एकदा पुरतं, त्यामुळे सारखं पकडायची वेळ येत नाही. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात दिलं. सोबत वेदनाशामक आणि कातडीखाली द्रव. घरी भुसा काढून साधा कागदी टॉवेल अंथरायला सांगितला, म्हणजे जखमेला काही चिकटणार नाही आणि रक्त किंवा पू आला तर लगेच दिसेल.

घर बदललं. टाकी विकायची गरज नव्हती. तीन बाजूंनी काळा कागद लावला. जाळीचा बराचसा भाग झाकून ओलावा ६० टक्क्यांच्या पुढे नेला. दिव्याऐवजी तळाखाली उष्णतेची चटई, तीही थर्मोस्टॅटला जोडून, आणि थर्मोस्टॅटचा प्रोब उबदार घराच्या खाली. दोन अगदी सारखी, छोटी, बुटकी घरं, एक ३१ ते ३२ अंशांच्या जमिनीवर, दुसरं २६ अंशांच्या बाजूला. आता त्याला ऊब आणि आसरा यांत निवड करावी लागणार नव्हती. मधली मोकळी जागा चुरगळलेल्या कागदांनी भरली. हात लावणं बंद, फक्त औषध आणि वजनापुरतं.

आठवडाभर जेवण द्यायचंच नाही असं ठरवलं. हे ऐकून ताई अस्वस्थ झाली. साप सहा आठवडे उपाशी, आणि डॉक्टर आणखी एक आठवडा थांबा म्हणतात. पण प्रत्येक नकार सापासाठी फुकट जात नाही. समोर काहीतरी नाचवलं जातं, तो घाबरतो, आणि ती जागा त्याच्यासाठी आणखी असुरक्षित होते. मोठा बॉल पायथन महिनोन्‌महिने न खाता तगतो, पिल्लाकडे तेवढा साठा नसतो, हे खरं. तरी १४ टक्के घट म्हणजे हातपाय गाळायची वेळ नव्हे. कणा टोकदार दिसायला लागला असता किंवा तो अंग सैल टाकून बसला असता तर माझा निर्णय वेगळा असता.

जिवंत द्यायचं का?

या आठवड्यात मुलाशी फोनवर बराच वाद झाला, आणि तो वाद मला महत्त्वाचा वाटतो. त्याचं म्हणणं साधं होतं: याला जिवंताची सवय आहे, मी समोर बसतो, लहान हॉपर देतो, एकदा पोटात जाऊ दे, फ्रोझनचं नंतर बघू. हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. अंड्यातून निघालेल्या काही पिल्लांचं पहिलं जेवण जिवंतच असतं, आणि अनुभवी ब्रीडर ते नजरेसमोर, योग्य आकाराचं देतात. पिल्लू मरायला टेकलं असेल आणि दुसरं काही चालत नसेल तर मीही जिवंत पिंकी देईन.

पण "जंगलात जिवंतच असतं" हे कारण मला मान्य नाही. नायजेरियातल्या अभ्यासात असं दिसलं आहे की ७० सेंटिमीटरपेक्षा लहान बॉल पायथन प्रामुख्याने लहान पक्षी खातात, आणि मीटरभरापेक्षा मोठे सस्तन प्राणी. म्हणजे टिल्लूच्या आकाराचा जंगली साप बंद खोलीत मोठ्या उंदराशी झुंजत बसत नाही. शिवाय जंगलात उंदीर पळून जाऊ शकतो आणि सापही माघार घेऊ शकतो. काचेच्या टाकीत दोघांनाही ती वाट नाही. आणि त्या उंदराचं काय? तो रात्रभर भीतीत बसतो आणि शेवटी सावकाश मरतो. आपण सापावर प्रेम करतो म्हणून उंदराचा जीव हिशेबाबाहेर जात नाही. माणसाने योग्य पद्धतीने क्षणात मारलेला उंदीर त्या मानाने कमी सोसतो.

दुसरा आक्षेप असा असतो की मेलेलं खाऊन सापाची शिकारीची वृत्ती मरते. त्याचं उत्तर एका सुंदर प्रयोगात आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बोआ कन्स्ट्रिक्टरना मेलेले उंदीर दिले, आणि त्यांतल्या काहींच्या छातीत धडधडणारं कृत्रिम हृदय बसवलं. ज्या उंदराचं हृदय चालू होतं त्याला सापांनी जास्त वेळ आणि जास्त जोराने आवळलं. हृदय मध्येच थांबवल्यावर विळखा लवकर सैल झाला. ज्या बोआंनी आयुष्यात कधी जिवंत भक्ष्य पाहिलंच नव्हतं, त्यांनीही ठोक्याला प्रतिसाद दिला. आवळण्याची ही समज शिकवावी लागत नाही आणि फ्रोझनमुळे विसरलीही जात नाही.

मुलाला हे पटलं की नाही ते मला फोनवर कळलं नाही. त्याने शेवटी एवढंच म्हटलं, "ठीक आहे डॉक्टर, पण खाल्लं नाही तर?" मी म्हटलं, तर मधली पायरी आहे.

पहिला नकार, आणि एक अर्धा होकार

फ्रोझन खाऊ घालणं म्हणजे सापाला फसवणं असं बरेचजण समजतात. मी त्याकडे वेगळं बघते. बॉल पायथनला भक्ष्य तीन वाटांनी कळतं. जीभ हवेतले कण आत नेते आणि टाळूतल्या जेकबसन अवयवाला देते, तो वास. वरच्या ओठावरच्या खाचा उष्णता टिपतात. आणि नजरेला, अंगाला हालचाल जाणवते. जिवंत उंदरात या तिन्ही खुणा आपोआप येतात. मेलेल्यात त्या आपण परत आणायच्या असतात. टेबलावर तीन तास ठेवलेल्या उंदरात एकही खूण धड उरलेली नसते, उलट पोटातला मळ कुजायला लागलेला असतो.

म्हणून पद्धत बदलली. उंदराचं पिल्लू बंद पिशवीत रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्यायचं. देण्याआधी पिशवीसकट ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं. मग पोट बोटांनी दाबून बघायचं, आत बर्फाची गाठ लागता कामा नये. टिश्यूने केस कोरडे करायचे, कारण ओले केस काही क्षणांत गार पडतात. मायक्रोवेव्ह कधीच नाही. तो आतून असमान तापवतो, कुठे शिजतं, कुठे थंड राहतं, आणि पोट फुटतं. दिवे मंद, वेळ रात्रीची, उंदीर मागच्या पायांच्या वर चिमट्याने धरलेला आणि डोकं सापाकडे.

आकार सहा ग्रॅमचा ठेवला, सापाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहूनही कमी. दीर्घ उपासानंतर पोट भरून द्यायची घाई मोठी चूक ठरते. क्वचित जेवणारे अजगर उपासाच्या काळात आतडी जणू आवरून ठेवतात आणि जेवणानंतर ती पुन्हा वाढवतात. बर्मी अजगरात तर भरपेट जेवणानंतर दोन दिवसांत हृदयाचा स्नायू सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचं २००५ मध्ये दाखवलं गेलं. एवढं सगळं काम नव्याने सुरू करणाऱ्या अशक्त शरीराला छोटा घास द्यावा.

पहिल्या रात्री टिल्लूने जीभ लवलव करून वास घेतला आणि घरात परत गेला. मुलगा निराश झाला. मला ती जीभ आशेची वाटली. आधीच्या पाच आठवड्यांत तो तोंड फिरवत होता, आता त्याने विचारपूस केली होती.

पुढच्या वेळी उंदीर उंदरांच्या पिंजऱ्यातल्या वापरलेल्या भुशात घोळवून दिला. टिल्लूने झडप घातली, एक वेटोळं टाकलं आणि लगेच सोडून दिलं. मुलाने व्हिडिओ पाठवला होता. तो मी हळू करून पाहिला तेव्हा कारण सापडलं. झडप बसताच मुलाने चिमटा सोडून हात मागे घेतला होता. भक्ष्य क्षणात निश्चल झालं. आवळायला काही प्रतिकारच उरला नाही, म्हणून सापाने सोडलं. वर सांगितलेल्या प्रयोगाचीच ही घरगुती बाजू. झडप बसल्यावर चिमटा सोडायचा नाही, शेपटीकडून अगदी हलके हिसके देत राहायचं, विळखा घट्ट झाला की मग थांबायचं.

त्याच आठवड्यात वजन ७९ झालं होतं. आणखी एक नकार परवडेल का, असा प्रश्न होता, म्हणून मधली पायरी घेतली. भक्ष्य पुरवणाऱ्या अनुभवी माणसाकडून योग्य पद्धतीने नुकतंच मारलेलं हॉपर आणलं. अंगात स्वतःची ऊब, ताजा वास, चावण्याचा धोका शून्य. ज्याला ते मारणं नीट जमत नाही त्याने घरी करून बघू नये, अर्धवट मारलेल्या जनावराचे हाल जिवंत देण्यापेक्षाही वाईट होतात.

टिल्लूने ते घेतलं. मुलाने सांगितल्याप्रमाणे हिसके दिले. तीन वेटोळी पडली. काही मिनिटांनी विळखा सैल झाला, जीभ फिरली, त्याने उंदराच्या अंगावरून नाक फिरवत डोकं शोधलं आणि तिथून गिळायला सुरुवात केली. जबडा एकदा डावीकडून पुढे, एकदा उजवीकडून पुढे. शेपटी दिसेनाशी झाल्यावर त्याने दोन मोठ्या जांभया दिल्या. मुलाने व्हिडिओत तोवर श्वाससुद्धा जपून घेतला होता, हे ऐकू येत होतं.

दोन दिवस हात लावायचा नाही, टाकी हलवायची नाही. उलटी झाली नाही. सहा दिवसांनी फ्रोझन, त्याच वेळी, त्याच बाजूने, तेवढाच उबदार. या वेळी झडप आणि विळखा यांत अंतर पडलं नाही. त्या रात्रीनंतर ताज्या मारलेल्याची गरज लागली नाही.

फ्रोझन पहिल्या नकाराला सोडून थेट ताज्या मारलेल्याकडे का वळले नाही, असं एका सहकाऱ्याने मला नंतर विचारलं. वळता आलं असतं. पण व्हिडिओतली ती अर्धी झडप दिसली नसती तर चिमट्याचा दोष तसाच राहिला असता, आणि पुढचं प्रत्येक फ्रोझन जेवण त्याच ठिकाणी अडलं असतं.

तोंड उघडून भक्ष्य आत ढकलणं, म्हणजे फोर्स फीडिंग, या प्रकरणात कुठेच केलं नाही. ते करताना पिल्लू प्रचंड घाबरतं, नाजूक दात मोडतात, घसा खरचटतो. शेवटचा उपाय म्हणून त्याला जागा आहे आणि तो आधी शिकलेल्या हातानेच करावा.

नंतरचे दोन अडथळे

एके रात्री मुलाचा घाबरलेला फोन आला. तीन जेवणं नीट घेतल्यावर टिल्लूने पुन्हा नकार दिला होता. मी डोळ्यांचा फोटो मागवला. दोन्ही डोळे निळसर, दुधाळ, पोट गुलाबी. कात टाकायची तयारी होती. या काळात सापाला नीट दिसत नाही, कातडी हळवी असते आणि बरेच बॉल पायथन जेवण नाकारतात. ओलावा थोडा वाढवून थांबायला सांगितलं. कात पडली, जखमेच्या भागावर मात्र तुकडा अडकला. तो ओढायचा नाही. ओल्या शेवाळाचा डबा घरात ठेवल्यावर दोन दिवसांत आपोआप निघाला, आणि खाली नवी, बिनखवल्यांची गुळगुळीत कातडी दिसली. पुढच्या जेवणाला नकार नव्हता.

दुसरा अडथळा स्वयंपाकघरातला. उंदरांची पिशवी घरच्या फ्रीझरमध्ये मटारच्या शेजारी होती आणि पाणी तापवायला घरातलंच पातेलं वापरलं जात होतं. हे मी लगेच थांबवलं. गोठवल्याने काही परजीवी मरतात, साल्मोनेला मरत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत सरपटणाऱ्या प्राण्यांना घालायच्या गोठवलेल्या उंदरांमुळे माणसांना साल्मोनेलाची लागण झाली होती आणि त्यात लहान मुलं बरीच होती. ब्रिटनमध्येही २०१५ पासून अशीच साथ खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या उंदरांशी जोडली गेली. घट्ट झाकणाचा वेगळा डबा, वेगळं भांडं, वेगळा चिमटा, वितळवणं स्वयंपाकाच्या ओट्यापासून दूर, नंतर साबणाने हात, आणि पाच वर्षांखालची मुलं या कामाच्या आसपासही नकोत. वितळलेलं आणि सापाने नाकारलेलं भक्ष्य पुन्हा गोठवायचं नाही, टाकून द्यायचं. ताईने दुसऱ्याच दिवशी डब्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली आणि फोटो पाठवला.

तीन महिन्यांनी

वजन ११६ ग्रॅम. जखम दुसऱ्या कातीनंतर पूर्ण बंद झाली. तिथे खवले वेडेवाकडे आले आहेत आणि रंगाचा डाग राहणार. शेपटीचं टोक दोन मिलिमीटर आखूड झालं, हालचालीला अडचण नाही. हाताळणी आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, आणि जेवणानंतरचे दोन दिवस वगळून. जेवण दर सहा-सात दिवसांनी, ११ ते १३ ग्रॅमचं फ्रोझन हॉपर.

जेवण टाकीतच दिलं जातं. वेगळ्या डब्यात हलवून खाऊ घातलं नाही तर साप हाताला चावायला शिकतो, अशी एक समजूत आहे. मुलाने ती विचारली होती. हलवाहलवीने बुजरा बॉल पायथन जेवण सोडतो आणि भरल्या पोटी उचलल्याने उलटीचा धोका वाढतो. हात घालण्याआधी कागदाच्या नळीने त्याच्या अंगाला हलका स्पर्श करायचा, म्हणजे आलेला हात जेवणाचा नाही हे त्याला कळतं. एवढ्यावर भागतं.

पुढचं काम या छोट्या उंदरावरून (माउस) मोठ्या जातीच्या पाळीव उंदरावर, म्हणजे रॅटवर, आणण्याचं आहे. मोठ्या सापाला एकेका जेवणात बरेच छोटे उंदीर देण्यापेक्षा एक रॅट बरा, आणि बदल लहान वयात सोपा जातो. १५० ग्रॅमच्या आसपास गेल्यावर रॅटची पिल्लं सुरू करायची, पहिल्या दोन वेळा उंदराच्या भुशात घोळवून. मुलाने वजनाचा तक्ता ब्रीडरच्या त्याच कार्डाच्या मागे चालू ठेवला आहे आणि पुढची तपासणी तो तक्ता घेऊनच आहे.